ओनेझिमच्या नावाच्या पट्ट्या

५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ७ वाजून ४० मिनिटं.

वेळ लिहून ठेवते, पुढे लागेल. सात चाळीस. मनगटावरचं घड्याळ मी बघितलं आणि त्यालाही दाखवलं.

काळ्या ओढ्यावर होते. उणे बारा. पहारीनं बर्फ फोडून पहिलं भोक मोकळं केलं, तेवढ्यात बर्फगाडीचा आवाज. वन्यजीव खात्याचा नवा वॉर्डन. दक्षिणेकडून आलेला, हॅमंड नावाचा. आमची फ्रेंच येत नाही, त्यामुळे सगळं इंग्रजीत. परवाना मागितला. दिला. बीव्हरचा हंगाम चालू आहे का? आहे. ओढ्याच्या दोन्ही काठांच्या मालकांची लेखी परवानगी? ही घ्या, दोन्ही. वाचून दाखवू का?

मग त्यानं माझा सापळा पाण्याबाहेर ओढला, त्यावरची नावाची पट्टी पालथी केली, हातमोज्यानं पुसली.

"मॅडम, हे ओ. लागासे कोण?"

"माझा नवरा."

"ते कुठे असतात?"

"चर्चमागे. तिसरी रांग, एप्रिलपासून. समन्स द्यायचं असेल तर जाऊन द्या, घरीच असतात."

हसला नाही. हसायला हवं होतं असंही नाही. पण माणूस निदान खाली तरी बघतो! यानं वही काढली. सापळ्यावर तो लावणाऱ्याचं स्वतःचं नाव हवं, दुसऱ्याच्या नावाचे सापळे लावणं हा गुन्हा, वगैरे. मला सांगतोय! एकतीस वर्षं या गावाच्या कचेरीत बसून शिकारीचे आणि सापळ्यांचे परवाने मी दिले. ते नियमांचं पुस्तक मी काउंटरवरून हजारोंना दिलंय, आणि पान कितवं तेही सांगितलंय.

अकराच्या अकरा सापळे घेऊन गेला. मागे अकरा भोकं राहिली. घरी येईपर्यंत गोठलीसुद्धा असतील.

६ डिसेंबर

झोप नाही. समन्स चार वेळा वाचलं. दोष कबूल केला तर परवाना तीन वर्षं रद्द. नाही केला तर खात्याच्या सुनावणी अधिकाऱ्याकडे लेखी म्हणणं मांडायचं.

तीन वर्षं. मी त्र्याहत्तर वर्षांची आहे.

आणि ओढा काय तीन वर्षं माझी वाट बघत बसणार? इथला रिवाज कुठल्याच पुस्तकात नाही, पण तो तान्ह्या पोरालाही ठाऊक असतो: ज्यानं ओढा धरला त्याचा ओढा. दुसरा तिथे पाऊल टाकत नाही. पण एक हिवाळा रिकामा गेला की संपलं, जो पहिला सापळा लावेल त्याचा. ओनेझिमनं एकोणतीस हिवाळे एकही न चुकवता काढले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी स्लेजवर बसून गेला, ओढणारी मी!

यंदाचा चुकला तर त्याचं या जगात उरलेलं एकमेव काम संपलं. एवढं सरळ आहे ते.

७ डिसेंबर

पट्ट्या का बदलल्या नाहीत? विचार, फर्नांद, स्वतःला विचार. वॉर्डननं नाही विचारलं.

कारण त्या तांब्याच्या पट्ट्यांवरचं एकेक अक्षर त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर हातोडीनं ठोकलंय. टेबलावर खुणा आहेत अजून. त्यावरून मी महिनाभर अबोला धरला होता. आडनावातले दोन्ही एस तिरपे. दर वेळी तिरपे! आडनाव तेच, पत्ता तोच, फरक फक्त पहिल्या अक्षराचा. परवाना माझा, तो खरा. सप्टेंबरमध्ये सापळ्यांची परीक्षासुद्धा दिली, वीसपैकी एकोणीस. विसाव्या मार्कावर माझा अजून वाद आहे.

नियम चुकीचा नाही म्हणत मी. नियम माझ्यासाठी नव्हता, एवढंच म्हणते आहे.

८ डिसेंबर, रविवार

मारियेचा सण. चर्चमध्ये गर्दी. सगळ्यांना कळलेलं. माना वळतात आणि परत फिरतात.

माझ्या मागच्या बाकावर रोझ-आल्मा थेरियो, नेहमीप्रमाणे. एक्याऐंशी वर्षांची, ताठ, टोपीत पीस. तीस वर्षं ही बाई माझ्या मानेकडे बघत प्रार्थना करते आहे आणि "नमस्कार, मादाम" याच्यापुढे शब्द नाही. मी कचेरीत होते तेव्हा मासेमारीच्या परवान्यासाठी चौदा मैल गाडी हाकत शेजारच्या गावी जायची, तिथल्या पेट्रोल पंपावर. माझ्या काउंटरवर मेली तरी येणार नाही! आम्ही काही तिच्या तोलाचे नाही, असंच असणार. तिचा बाप गिरणीत मुकादम होता.

प्रार्थना चालू असताना एकदम आठवलं.

ओनेझिमच्या शवपेटीजवळ, एप्रिलमध्ये, सगळे "धीर धर" म्हणत होते. आणि ही आली, माझा हात धरला — पहिल्यांदाच — आणि कानाशी म्हणाली, "पट्ट्या बदलून घे. लगेच घे."

पेटीशेजारी! पट्ट्या! तेव्हा वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. आज वाटतं, डोकं चांगलं शाबूत आहे. माझ्या सापळ्यांवर कुणाचं नाव आहे याची हिला काय पडली होती? आणि बरोबर आठ महिन्यांनी वॉर्डन नेमक्या त्याच पट्ट्या पालथ्या करतो?

चुगली कुणी केली ते मला कळलं आहे.

१० डिसेंबर

पत्र लिहिलं. खात्याच्या सुनावणी अधिकाऱ्याला, दोन पानं, शाईनं. सिस्टर सेंट-जेरार म्हणायच्या, रागात लिहायचं असेल तर अक्षर जास्त सुंदर काढा, समोरच्याला तोंड चुकवायला जागा उरत नाही. कॉन्व्हेंटमध्ये त्यांनी पट्टीनं बोटं लाल करून शिकवलेलं ते उजवीकडे झुकणारं अक्षर. आजही आरशासारखं उतरलं.

तीन प्रश्न विचारले. एक, परवाना वैध, हंगाम चालू, परवानग्या हातात असताना फक्त एका अक्षरासाठी अकरा सापळे जप्त करण्याचं कारण काय? दोन, माझ्याविरुद्ध तक्रार कुणी केली, नाव द्या. तीन, नवऱ्याच्या नावाचे सापळे लावले म्हणून या दरीत आजपर्यंत एका तरी विधवेला शिक्षा झाली असेल तर दाखवा. एक! एकतीस वर्षं कचेरीत काढली, मला एकही माहीत नाही. तुम्हाला सापडणार नाही.

"लेखी उत्तर शुक्रवार, ३ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती पडलं पाहिजे."

ल्युसियाँ आला होता, ओनेझिमचा धाकटा भाऊ. तव्यावर कुट्टूच्या पिठाचे प्लॉय टाकले त्याच्यासाठी, वर डुकराच्या मांसाचं क्रेतों लावून. नऊ खाल्ले. पत्र वाचायला दिलं.

"वहिनी," म्हणाला, "हे पत्र आहे की कुऱ्हाड?"

"दोन्ही. खा गुपचूप."

"दादा असता तर म्हणाला असता, बाई, नव्या पट्ट्या ठोक आणि गप बस."

"तुझा दादा मला एकदाही गप बस म्हणाला नाही."

"म्हणायचा की! कातडी काढायच्या खोपटात जाऊन म्हणायचा. बीव्हरला."

हसू आलं. सहा दिवसांत पहिल्यांदा. मग जाताना दारात टोपी घालता घालता हळूच म्हणाला, "ओढ्याबद्दल विचारताहेत लोक. गिरणीजवळचे. यंदा लागासेंचा रिकामा जाणार का म्हणून."

टपाल दुपारी दोनला निघालं. पोच घेतली आहे.

१३ डिसेंबर

टपाल: जाहिरात, दाताच्या डॉक्टरचं स्मरणपत्र. बस.

१७ डिसेंबर

ओढ्यावर गेले. सापळे नाहीत म्हणून काय झालं, पायांना कुणी समन्स दिलेलं नाही.

बांध यंदा उंच घातलाय बीव्हरांनी. त्यांच्या घराच्या माथ्यावरून वाफ निघत होती, म्हणजे आत ऊब आहे, कुटुंब मोठं आहे. यातले चार-पाच काढले नाहीत तर उन्हाळ्यात पाणी थेट रस्त्यावर. हे खात्याला कोण सांगणार?

आणि काठावर बर्फात चालायच्या जाळीच्या बुटांचे ठसे. माझे नाहीत. दुसऱ्या भोकापाशी कुणी तरी थांबलेलं, काठी टेकून बर्फाची जाडी बघितलेली. ठसे लहान आहेत. अंतर कमी. आले तसे परत गेलेले.

जागा हेरायला आले होते. एवढी घाई! हिवाळा संपू तरी द्या, गिधाडांनो.

घरी येऊन कारण नसताना भांडी घासली. स्वच्छ होती.

१९ डिसेंबर

आज तोंडावर विचारलं.

टपाल कचेरीत. मी पेटी उघडते आहे, रिकामी, आणि शेजारी रोझ-आल्मा आपली पेटी उघडते. आम्ही दोघीच. टपालवाली आत.

मी म्हटलं, "रोझ-आल्मा, एक विचारायचं आहे. सरळ उत्तर दे."

"विचार की."

"माझ्यावर वॉर्डन तू घातलास?"

तिनं पेटीचं दार सावकाश लावलं. किल्ली पर्समध्ये ठेवली. पर्स बंद केली. एवढा वेळ!

"नाही," म्हणाली.

"मग पट्ट्यांचं तुला कसं माहीत होतं? एप्रिलमध्ये? पेटीशेजारी उभं राहून?"

"अगं फर्नांद," म्हणाली, आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं आपण पाटीवर चुकीची बेरीज बघतो. "तुला खरंच आठवत नाही का गं?"

"काय आठवायचं?"

"मला वाटलं होतं तू लाजेनं बोलत नाहीस. तीस वर्षं मला तेच वाटत होतं." मग मफलर गुंडाळला. "जाऊ दे. बर्फ यंदा मधोमध पातळ आहे, एकटी जात जाऊ नकोस."

आणि गेली!

लाजेनं? मी? मला कसली लाज? संध्याकाळपर्यंत घरात येरझाऱ्या घालते आहे. बर्फ पातळ आहे हे हिला कसं कळलं? म्हणजे ते ठसे हिचे! एक्याऐंशीव्या वर्षी माझा ओढा हेरते आहे!

२० डिसेंबर

कसली लाज??

२४ डिसेंबर

नाताळची मांस भरलेली तुर्तिएर केली, एकच. दरवर्षी दोन करायचे. ल्युसियाँनं अर्धी नेली. मध्यरात्रीच्या प्रार्थनेला गेले नाही, सर्दीचं निमित्त सांगितलं. मागच्या बाकाकडे पाठ करून बसणं जमलं नसतं.

२८ डिसेंबर

ल्युसियाँला विचारलं. काळा ओढा आपल्याआधी कुणाकडे होता?

"अल्सीद थेरियोकडे. का?"

"ते मलाही माहीत आहे. त्याच्याकडून आपल्याकडे कसा आला?"

"अल्सीद वारला. मग एक हिवाळा रिकामा गेला. पुढच्या वर्षी दादानं धरला. रिवाजच आहे."

"रिकामा का गेला पण? रोझ-आल्मा तर सापळे लावायची. नवऱ्याबरोबर ओढ्यावर जायची. मी पाहिलंय तिला, बीव्हरचं कातडं ती त्याच्याहून चांगलं ताणायची."

ल्युसियाँनं प्लॉयला लोणी लावलं. फार लावलं. "बाईमाणसाला झेपलं नसेल," म्हणाला.

आमच्या घरात नेहमी हेच सांगितलं गेलं. तिला झेपलं नाही. मीही सांगितलंय, लोकांना. मी, जिनं स्लेज ओढली.

३१ डिसेंबर

टपाल नाही. ३ तारखेला पाचला आणखी तीन दिवस. वरिष्ठांना पाठवायचं दुसरं पत्र तयार करून ठेवलं.

३ जानेवारी, शुक्रवार

उत्तर आलं. चार वाजून दहा मिनिटांनी. मुदतीच्या आत. शिस्त आहे म्हणायची.

जिंकले.

उतरवून ठेवते. पहिला प्रश्न: परवाना वैध होता, हेतू वाईट नव्हता, म्हणून समन्स रद्द, लेखी ताकीद पुरेशी. अकरा सापळे परत, पण नव्या पट्ट्या लावल्याशिवाय पाण्यात नाहीत. परवाना शाबूत.

दुसरा प्रश्न: कुणाचीही तक्रार आलेली नाही. वॉर्डनची नेहमीची तपासणी.

तिसरा प्रश्न: "आपण मागितल्याप्रमाणे जुनी दफ्तरं पाहिली. या दरीत असं एक प्रकरण आढळलं. डिसेंबर १९९४. मृत पतीच्या नावाचे सापळे लावल्याबद्दल विधवेचा परवाना तीन वर्षं रद्द. कारवाई गावच्या कचेरीतून आलेल्या लेखी तक्रारीवरून. तक्रारीची प्रत सोबत."

प्रत सोबत आहे. एक पान. शाईनं. अक्षर उजवीकडे झुकलेलं, फार सुंदर.

४ जानेवारी

आठवलं. सगळंच.

काउंटरवर दोघे शिकारी आले होते, हरणाच्या परवान्याचं काहीतरी होतं. हसत होते. "अल्सीद मेला तरी धंदा सोडत नाही हो, मादाम! बर्फाखाली अजून त्याच्या नावाचे सापळे आहेत!" मी हसले नाही. मी त्यांना पुस्तकातलं पान दाखवलं. मग ते गेले आणि मी कागद घेतला. पाचएक मिनिटं लागली असतील. विधवेबद्दल वाईट वाटलं का? आठवत नाही. तिकीट चिकटवल्याचं आठवतं. असली पत्रं मी किती तरी लिहिली, खातं पुढे काय करतं ते कधी कळवत नसे आणि मी कधी विचारलं नाही. नियम नियम होता. तिच्या नावाला सवलत दिली असती तर उद्या प्रत्येकानं मागितली असती — हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं असणार. अगदी काल दुपारी चार वाजेपर्यंतही मी असंच म्हणाले असते. दुसऱ्या कुणाबद्दल.

अल्सीदला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तक्रारीत तेही लिहिलंय मी. "मृत्यू: ऑक्टोबर." तारखेसकट.

मग एक हिवाळा रिकामा. मग ओनेझिम घरी येऊन म्हणाला, काळा ओढा मोकळा पडलाय. मी म्हणाले, मग धर की.

त्याला माहीत होतं का? खोपटात जाऊन बीव्हरला काय काय सांगायचा देव जाणे.

आणि ती शवपेटीशी आली. तिला जे कुणी सांगितलं नव्हतं ते मला सांगायला आली. आणि आज बर्फ पातळ आहे का ते बघायला जाते. माझ्यासाठी! आणि मी टपाल कचेरीत उभी राहून तिला विचारते—

पुरे. लिहवत नाही.

५ जानेवारी, रविवार

चर्चला गेले. आज मी मागच्या बाकावर बसले, तिच्या शेजारी जागा रिकामी होती तिथे. तिनं प्रार्थनेचं पुस्तक माझ्या बाजूला थोडं सरकवलं. चष्मा विसरले होते, तरी वाचल्यासारखं केलं.

बोलता आलं नाही. तोंडानं मला फक्त भांडता येतं.

६ जानेवारी

सापळे परत आले. पट्ट्या काढल्या, अकरा. ओनेझिमच्या घड्याळाच्या डबीत ठेवल्या. तांब्याच्या कोऱ्या पट्ट्या टेबलावर आहेत, हातोडी आणि अक्षरांचे ठसेही. अजून काहीच ठोकलेलं नाही.

रोझ-आल्माला पत्र लिहिलं. १९९४ ची प्रत सोबत जोडली. लपवण्यात अर्थ नाही. सापळ्यांच्या परवान्याचा अर्जही जोडला: नाव, पत्ता, जन्मतारीख मी भरली आहे, सहीची जागा तेवढी रिकामी. शेवटी लिहिलं:

"काळा ओढा तुझा आहे. मी स्लेज ओढेन, बर्फ फोडेन, आणि तू म्हणशील तिथे म्हणशील तसे सापळे लावेन, किंवा तू नको म्हणशील तर येणारच नाही. पट्टीवर कुणाचं नाव ठोकायचं ते कळव. शिव्या चालतील, पण लेखी हव्यात. उत्तर शनिवार, ११ जानेवारी, दुपारी बारापर्यंत."